घाट चढून आलेली माणसे

परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘तुम्ही मूळचे कुठले?’ विचारणारा सहज विचारतो. उत्तर देणाऱ्याला मात्र दर वेळी क्षणभर थांबावे लागते. मी बैहरचा, असे सांगितले की समोरचा म्हणतो, ‘ते झाले हो, पण मूळचे?’ मग मी तुमसरकडचे असे सांगून मोकळा होतो. तुमसरच्या बाजूला आज आमचे एकही घर नाही, एक वीतभर शेत नाही. तरीही मूळ म्हणून बोट दाखवायचे ते तिकडेच.

यंदा हा प्रश्न घरातूनच उपस्थित झाला. आमच्या धाकट्या काकांनी वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी घराण्याचा कुलवृत्तांत छापण्याचे मनावर घेतले. कुलवृत्तांत छापण्याची प्रथा मराठी घराण्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चांगलीच रुळली. त्यांत भरणा अर्थात कोकणस्थ घराण्यांचा. वैनगंगेकाठच्या शेतकऱ्यांना कुलवृत्तांत कशाला हवा, असे कोणी म्हणाले तर काकांचे उत्तर तयार असते : ‘अरे, कुळाशिवाय शेती झाली आहे का कधी?’ घरात मराठी घेऊन एम.ए. झालेला मी एकटाच, म्हणून मूळपुरुषाचे प्रकरण माझ्याकडे आले. प्रकरणाचे पहिले वाक्य काकांनी स्वतःच लिहून दिले होते : ‘आमच्या मूळपुरुषाने निर्मनुष्य अरण्यात पहिली चूल पेटवली.’ पुढचे तेवढे मी लिहायचे होते.

त्याच सुमारास अमेरिकेतील एका जुन्या विद्यार्थ्याकडून टपालाने पाकीट आले. हा मुलगा नोकरीनिमित्त यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी या शहरी राहतो. शेजारच्या मॉर्मन कुटुंबाने आपल्या मूळपुरुषाविषयी छापलेली एक पुस्तिका त्याने मला पाठविली होती, ‘सर, तुम्हांला असले वाचायला आवडते’ अशा चिठ्ठीसह. तो मूळपुरुष डेन्मार्कचा. नवा धर्म स्वीकारला, जहाजाने समुद्र ओलांडला आणि उरलेली वाट बायकामुलांसह पायी तुडवली, एवढीच त्याची कथा. पण पणतवंडांनी ती किती जपून ठेवली आहे! त्याच्या चामड्याच्या पिशवीचेसुद्धा छायाचित्र पुस्तिकेत आहे.

ज्यांना मॉर्मन लोकांची माहिती नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. शेजाऱ्यांशी पटेना, मिसूरीतून हाकलले, इलिनॉयमध्येही थारा मिळेना आणि १८४४ मध्ये जमावाने खुद्द स्मिथची हत्या केली. मग ब्रिगॅम यंग याच्या नेतृत्वाखाली ही मंडळी पश्चिमेकडे निघाली आणि जुलै १८४७ मध्ये खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात उतरली. २४ जुलै हा दिवस तेथे आजही सणासारखा पाळतात. पुढे इंग्लंड आणि स्कॅन्डिनेव्हियातून गरीब अनुयायी येऊ लागले. त्यांना बैल आणि गाड्या कोठून परवडणार? १८५६ पासून त्यांनी हातगाड्या ओढत तो प्रवास केला, दोन हजार किलोमीटरांच्या घरात. त्याच वर्षी उशिरा निघालेले दोन तांडे वाटेत बर्फात अडकले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली.

या लोकांचे आणखी एक वैशिष्ट्य मला विलक्षण वाटले. वंशजांनी मृत पूर्वजांच्या नावे संस्कार केले तर ते पूर्वजांना पोचतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. संस्कार करायचा तर नाव हवे, आणि नाव हवे म्हणून साऱ्या जगातील वंशावळी गोळा करण्याचा त्यांनी ध्यास घेतला. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यांच्या संस्थेने सूक्ष्मपटांवर उतरवून घेतल्या आहेत. आपल्याकडे श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पिढ्यांचा नामोच्चार होतो. चौथी पिढी नावावाचून राहते. आमचा मूळपुरुष म्हणजे माझे खापरपणजोबा. वडील गेल्यापासून मी दर वर्षी तिघांना पिंड देतो; घाट चढून आलेला तो चौथा माणूस माझ्या उच्चारात येतच नाही.

तो आला कसा, हे सांगण्यापूर्वी आमचा मुलूख थोडा डोळ्यांपुढे आणायला हवा. बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश. १८६७ नंतर भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून हा जिल्हा बनला. खाली वैनगंगेचे खोरे, धानाच्या बांध्या आणि तळी. वर सातपुडा-मैकलच्या रांगांतले बैहरचे पठार. बालाघाटहून बैहरच्या वाटेला लागले की गांगुलपाऱ्याचा तलाव मागे पडतो आणि चढण सुरू होते. वर आल्यावर झाडे बदलतात. सरईची, म्हणजे सालवृक्षांची उंच रांग सुरू होते. त्याहून मोठा बदल डोळ्यांना दिसत नाही. खालचे पाणी वैनगंगेतून गोदावरीकडे जाते. वरचे बंजर आणि हालोन या नद्यांतून नर्मदेला मिळते. ज्याने हा घाट कायमचा ओलांडला, त्याची नदी बदलली. आमच्या देवघरातील गडूवर अजून गोदावरीचे नाव घेतले जाते आणि पाणी मात्र नर्मदेच्या वाटेवरचे असते.

१९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरने या पठाराचा इतिहास चार ओळींत आटोपला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वरचा प्रदेश जवळजवळ ओसाड होता आणि लच्छमन नाईक नावाच्या गृहस्थाने परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसवली, असे त्यात म्हटले आहे. पुढे जिल्हा झाल्यावर कर्नल ब्लूमफील्ड या डेप्युटी कमिशनरने वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार शेतकऱ्यांना वर येऊन जमीन कसण्यास उत्तेजन दिले. पोवार हे धानाच्या शेतीत आणि पाणी अडवण्यात तरबेज. माळव्यातून रामटेकजवळच्या नगरधनला आलेले, भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत साथ दिल्याबद्दल वैनगंगेकाठी जमिनी मिळवलेले, असा त्यांचा पूर्वेतिहास रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात नोंदवला आहे. म्हणजे घाट चढले तेव्हा त्यांचे हे पहिले स्थलांतर नव्हते. त्यांच्या बंड्यांच्या रांगेमागे इतरही जातींची कुटुंबे निघाली. त्यांत आमचे एक होते.

साल नक्की सांगता येत नाही. जिल्हा झाल्यावर पाचसात वर्षांनी, असे घरात सांगत. खापरपणजोबा तेव्हा पंचविशीच्या आतले. खाली भावाभावांत वाटण्या होऊन बांध्यांची संख्या बोटांवर आलेली. वर मात्र लागेल तेवढी जमीन, सुरुवातीला सारा हलका, अशी बातमी. दोन बैल, एक बंडी, बियाण्याचे धान, जाते आणि तान्हे मूल घेऊन नवराबायको निघाली. माझ्या आजीने ही हकिकत आपल्या आजेसासूच्या, म्हणजे त्या प्रवासातल्या बाईच्याच तोंडून ऐकली होती. घाटात भरली बंडी चढेना. मग सामान उतरवून डोक्यावरून वर नेले, रिकामी बंडी बैलांनी ओढली, आणि जाते वर नेणे जमेना म्हणून ते वाटेतच एका झाडाखाली ठेवले. पुढच्या वर्षी न्यायला गेले तेव्हा ते जागच्या जागी होते. आजी हे सांगताना नेहमी म्हणायची, ‘जाते कोण चोरणार? पीठ करायला धान कोणाजवळ होते?’

धान नव्हते, हे अक्षरशः खरे होते. पहिल्या वर्षी जमीन मोकळी करण्यातच पावसाळा आला. दुसऱ्या वर्षी आवत्या टाकला तो रानडुकरांनी नेला. रोवणी करता येईल अशी बांधी तयार व्हायला, तिचे धुरे बसायला आणि वर एक लहानशी बोडी खणायला आणखी तीन वर्षे लागली. मधल्या काळात हिवतापाने तान्हे मूल गेले. नंतर झालेलेही एक गेले. तिसरे जगले, ते माझे पणजोबा. आमच्या कुलवृत्तांतात पहिल्या पिढीच्या रकान्यात काकांनी एकच मुलगा लिहिला होता. आजीच्या हिशेबाने तीन होतात. ते मी दुरुस्त केले. त्यावर काकांची काही हरकत नव्हती.

हरकत आली ती पहिल्या वाक्यावर. त्यामागे एक वर्गातला प्रसंग आहे आणि तो मला भूषणावह नाही.

मूळपुरुषाचे प्रकरण लिहीत असतानाच शाळेतील आठवीच्या मुलांना मी एक तक्ता भरून आणायला दिला. तीन रकाने : पूर्वज कोठून आले, केव्हा आले, कोणाबरोबर आले. मुलांनी मोठ्या हौसेने तक्ते भरले. कोणी गोंदिया लिहिले, कोणी मंडला, कोणी कवर्धा. उकव्याच्या मॅंगनीज खाणीत आणि १९८२ पासून मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत कामाला आलेल्यांची मुले तर आणखी दूरदूरची गावे घेऊन आली. गावाबाहेरच्या बैगाटोल्यातून येणाऱ्या एका मुलाने मात्र कागद कोरा आणला. वरती स्वतःचे नाव, खाली तिन्ही रकाने रिकामे. घरचा अभ्यास केला नाही असे समजून मी त्याला सर्वांसमोर रागावलो. तो उभा राहिला आणि खाली मान घालून हिंदीत एवढेच म्हणाला की, सर, आम्ही कुठून आलो नाही. मुले हसली. मलाही त्या क्षणी ते उत्तर चुकारपणाचे वाटले. तीस वर्षे शिकवतो आहे. तक्ता चुकीचा असू शकतो हे घरी पोचेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही.

बैगांना या भागात भूमिया म्हणतात, म्हणजे भूमीचे धनी. नांगराने धरणीमातेची छाती फाडणे हे पाप, अशी त्यांची जुनी समजूत. त्यांची शेती बेवरची : उन्हाळ्यात झाडे तोडायची, वाळली की जाळायची, पहिल्या पावसाच्या तोंडावर राखेत कोदो-कुटकी फेकायची, दोनतीन वर्षांनी ती जागा रानाला परत देऊन पुढे सरकायचे. सरकारला यात इमारती लाकडाचा नाश दिसला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनखात्याने बेवरवर बंदी आणली आणि १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात, आजच्या डिंडोरीकडे, ‘बैगा चक’ म्हणून राखून दिलेल्या तुकड्यात तेवढी मोकळीक ठेवली. आमचे बैहर त्या चकाच्या बाहेर. येथील बैगांना बेवर सोडून नांगर धरा, असे सांगण्यात आले. विशेष म्हणजे पोवारांना वर आणणारे ब्लूमफील्ड साहेब आणि १८८५ मध्ये बैगांविषयी टिपणे छापणारे ब्लूमफील्ड साहेब एकच. ज्या पठाराला ओसाड समजून त्यांनी नांगर बोलावले, त्याच पठारावरच्या माणसांचे वर्णनही त्यांनीच लिहून ठेवले. गॅझेटियरचा तो लेखही पठाराला जवळजवळ ओसाड म्हणतो आणि पुढे तेथील घडीव दगडांच्या कोण्या जुन्या देवळाचा उल्लेख करतो. पहिली गावे, पहिली चूल हे शब्द लिहिताना हात थोडा अडखळायला हवा होता. कोणाचाच अडखळला नाही.

यूटाच्या त्या पुस्तिकेतही नेमके हेच आढळते. तिच्यात खोरे ‘रिकामे’ आहे. यूट आणि शोशोनी लोकांच्या मुलुखांची सीमा त्या खोऱ्यातून जात होती, हे मला इतर पुस्तकांतून कळले. डेन्मार्कच्या त्या सत्प्रवृत्त माणसाने कोणाचे वाईट चिंतले असेल असे मला वाटत नाही. त्याच्या पणतवंडांनीही काही मुद्दाम दडवले नसावे. आपल्या माणसाचे कष्ट डोळ्यांत भरले की भोवतालचे दिसेनासे होते. माझ्या काकांचे वाक्य त्याच मातीतून आले आहे.

जिल्ह्याच्या अभिलेखागारातून मी आमच्या गावच्या जुन्या बंदोबस्ताच्या मिसलीची नक्कल काढली होती, ती खापरपणजोबांच्या नावासाठी. नाव सापडले, बापाच्या नावासह. काका दोन दिवस तो कागद शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत होते. वर्गातल्या प्रसंगानंतर मी त्याच नकलेची मागची पाने वाचली. गावच्या रिवाजांचे जे वाजिब-उल-अर्ज असते त्यात गावसेवकांचे हक्क लिहिलेले होते, आणि त्यांत बैगा होता. दर नांगरामागे त्याला धान द्यायचे, कारण शिवेचे देव तो सांभाळतो. लोहाराच्या ओळीला लोहाराचे नाव होते. बैगाच्या ओळीला केवळ ‘बैगा’.

ते वाचताना आजी आठवली. मृगाच्या आधी ती एका सुपात बियाण्याचे धान वेगळे काढून ठेवी. टोल्यावरचा बैगा येई, घरोघरचे असे बी एकत्र करून गावच्या सीमेवर पूजा करी, कोंबडे देई आणि मंतरलेले मूठमूठ बी परत करी. याला बिदरी म्हणतात. ती झाल्याशिवाय आमच्याकडे पेरणीला हात लावत नसत. माझे वडील शिकले तसे त्यांनी ते बंद केले. आजी मात्र तिच्या शेवटच्या वर्षापर्यंत सूप भरत होती. मी एकदा विचारले होते की, बैगाला का द्यायचे? ती म्हणाली, ‘जमीन त्याच्या ओळखीची आहे ना.’ तेव्हा मी बी.ए.च्या वर्गात होतो आणि मला ती अंधश्रद्धा वाटली.

आणखीही एक गोष्ट ती सांगे. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, बांध्या भेगाळल्या आणि कोठी रिकामी झाली. बैगाटोल्यातील बायकांनी आजेसासूला रानात नेऊन बैचांदीचा कंद दाखवला. तो तसाच खाल्ला तर माणूस आजारी पडते. त्याच्या पातळ चकत्या करून टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायच्या, कडूपणा निघून गेला की शिजवायच्या, हे त्यांनी शिकवले. १९०१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा बरीच घटलेली आढळली. आमच्या घरातले त्या वर्षी कोणी गेले नाही. ज्या रानातून बैगांना बेवर बंद झाला होता, त्या रानाच्या त्यांच्या ज्ञानावर आमचे घर तगले. काकांना ही कथा माझ्याइतकीच पाठ आहे. तरी कुलवृत्तांताच्या कच्च्या प्रतीत दुष्काळाविषयी ‘मूळपुरुषाच्या दूरदृष्टीने कुटुंब तरले’ असे होते.

मी प्रकरण पुन्हा लिहिले. घाटातले जाते ठेवले, हिवतापाने गेलेली दोन मुले ठेवली, बोडी खणण्याची पाच पाने ठेवली. बैचांदी आणि बिदरी घातली. आणि पहिले वाक्य बदलले : ‘आमच्या मूळपुरुषाने या गावात पहिला नांगर चालवला.’ चुलीच्या जागी नांगर, बाकी फारसे काही नाही. काकांना प्रत नेऊन दिली तेव्हा ते ओसरीवर बसले होते. चश्मा पुसून त्यांनी प्रकरण वाचले, मग ते पहिल्या पानावर परत आले.

‘म्हणजे आपण काय कोणाची जमीन लुबाडली?’

मी म्हटले, ‘काका, जमीन सरकारने दिली आणि आपण घेतली. लुबाडली असे मी लिहिलेले नाही. त्यांनी कष्ट किती केले तेही मी कमी केलेले नाही.’

‘मग चूल का काढलीस?’

‘चूल आधीपासून पेटलेली होती.’

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचा स्वभाव तापट; मी दोन बोल ऐकून घेण्याच्या तयारीने बसलो होतो. काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला. शेवटी त्यांनी मिसलीची नक्कल मागितली, बैगाची ओळ शोधली आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, ‘याचे नाव काय होते?’

मला ठाऊक नव्हते. त्यांनाही नव्हते. ज्याच्या हातचे मूठभर बी घेऊन आमच्या चार पिढ्यांनी पेरणी केली, त्या घरातील एकाही माणसाचे नाव आमच्या साऱ्या कागदांत नाही. काका म्हणाले, ‘मग छापखान्याला थांबायला सांग. विचारून ये.’

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलाला थांबवून घेतले. आधी त्याची क्षमा मागितली. तो इतका संकोचला की मलाच कसेसे झाले. मग त्याच्याबरोबर टोल्यावर गेलो. शाळेपासून वाट फार नाही, तरी तीस वर्षांत मी तेथे दोनदाच गेलो असेन, दोन्ही वेळा निवडणुकीच्या कामाला. मुलाचे आजोबा अंगणात बांबूची टोपली विणत बसले होते. मी कशासाठी आलो ते मुलाने त्यांच्या बोलीत सांगितले. जुन्या लोकांची नावे हवी आहेत, हे ऐकल्यावर त्यांनी माझ्या हातातील वहीकडे आणि पेनाकडे पाहिले. आमच्या आजीचे नाव मात्र त्यांनी आपणहून घेतले. सुपाची बाई, अशी त्यांना ती आठवत होती.

नावे त्या दिवशी सांगितली नाहीत. पुरखांची नावे अशी कधीही काढायची नसतात, असे ते म्हणाले. पाऊस जवळ आला आहे. बिदरी झाल्यावर या, आणि रिकाम्या हाताने येऊ नका.

काकूंनी माळ्यावरचे जुने सूप उतरवून ठेवले आहे.